इतवारीतला लाकडी घाणा: तेल चोख, बाटली मात्र बदलून घ्या

घरातून पामोलिन, म्हणजे पाम तेल, काढायचं ठरवलं असेल तर नागपूरच्या इतवारी बाजारातला हा घाणा बघाच. शेंगदाणा, तीळ आणि जवस, तिन्ही तेलं डोळ्यांदेखत काढून देतात. एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. हा हिशेब डोक्यात असला की दाण्यांच्या भावापेक्षाही स्वस्त, म्हणजे नकली ‘घाण्याचं तेल’ लगेच ओळखू येतं. इथे लाट (घाण्यातला फिरता लाकडी दांडा) संथ फिरते, तेल हाताला कोमट लागतं, आणि ढेपेला, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्याला, दाण्याचा वास टिकून असतो.

ताजं तेल गढूळच असतं. स्टीलच्या डब्यात चार दिवस न हलवता ठेवा, गाळ बसला की वरचं निवळ ओतून घ्या. घाईने तसंच कढईत टाकलं तर गाळ करपतो आणि तेल फेसाळतं. जवसाचं तेल तळणाला नको. ते झुणका-भाकरीवर कच्चंच घ्यायचं. हवा आणि उजेड लागला की ते पटकन खवट होतं, आणि दुकानाची चूक इथेच आहे: जवसाचं तेल पारदर्शक बाटल्यांत, दाराजवळच्या फळीवर ठेवलेलं असतं. गडद काचेची बाटली घेऊन जा, पाव लिटरच भरून आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

भाव पामोलिनपेक्षा बराच चढा आहे. तो का मोजायचा, याचं उत्तर बोर्निओ-सुमात्राच्या जंगलात आहे: ओरांगउटान या वानरांचं हे घर पाम लावण्यासाठी तोडलं जातं. अर्जेंटिनातल्या न्यायालयाने 2014 साली प्राणिसंग्रहालयातल्या सँड्रा या ओरांगउटान मादीला हक्क असल्याचं मान्य केलं आणि 2019 मध्ये ती फ्लोरिडातल्या आश्रयस्थानी पोचली. निकाल योग्यच होता. पण जंगलातल्या ओरांगउटानला हक्क द्यायचा तर आधी जंगल उभं राहायला हवं. मादीला सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं. कोणतं फळ कुठे मिळतं, रात्रीचं घरटं कसं विणायचं, हे ते आईजवळ राहून शिकतं. पामसाठी झाडं पडली की ही शाळाच मोडते. 2017 साली वेगळी जात म्हणून नोंदलेले तापानुली ओरांगउटान तर आठशेहूनही कमी उरलेत.

पामच्या झाडाचा यात दोष नाही. हेक्टरी तेल तो भुईमुगापेक्षा कितीतरी जास्त देतो, त्यामुळे सगळ्यांनी नुसतं तेल बदललं तर जमीन दुसरीकडे मोडावी लागेल. म्हणून घाण्याचं तेल आणा आणि तळणही कमी करा.

भेसळीची शंका आली तर फ्रिजवर विसंबू नका, तिथे शेंगदाणा तेलही घट्ट होतं. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा पहाटे बाटली बघा: शेंगदाणा तेल वाहतं राहतं, पामोलिनमध्ये पांढरी कणी धरते. पाम टाळायचं तर बिस्किटाच्या पुड्यावर ‘पाम’ किंवा ‘पामोलिन’ शोधा, साबणावर ‘सोडियम पामेट’. आणि दाणे स्वतःचे दिले असतील तर ढेप मागून घ्या. गोठेवाले आनंदाने नेतात.