पट ६० की ६१? शाळांवरचा परिणाम मोजणारे ‘आरडीरोबस्ट’

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ झाला की तीन. एक मूल वाढले की एक पद वाढते! ५८ पटाची आणि ६३ पटाची शाळा एरवी सारखीच, त्यामुळे जादा शिक्षकाचा परिणाम मोजायला ही जागा नामी. ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेतले ‘आरडीरोबस्ट’ हे मोफत पॅकेज नेमके याच कामाचे: सीमेच्या दोन बाजूंच्या शाळांच्या निकालात एकदम पडणारा फरक, म्हणजे ‘उडी’, ते मोजते.

निकाल (म्हणजे मुलांचे गुण), पट आणि सीमा दिली की बँडविड्थ, म्हणजे सीमेपासून किती पटापर्यंतच्या शाळा धरायच्या ते अंतर, ते स्वतः काढते. सीमा ६०.५ द्या. ६० दिली तर ६० पटाच्या शाळाही तीन शिक्षकांच्या बाजूला जातात आणि उडी बोथट होते. मंजूर पद भरलेले असेलच असे नाही, म्हणून ‘फझी’ या पर्यायात प्रत्यक्ष कार्यरत शिक्षकांची संख्या घाला. ‘मास पॉइंट्स’चा (एकाच पटाच्या अनेक शाळा असल्याचा) इशारा येतो, तो गंभीरपणे घ्या: पट पूर्णांकात असतो, बँडविड्थ ८ आली तर शाळा हजार असोत, एका बाजूला पटाच्या आठच किमती.

खरी गोम पटातच आहे. पद टिकवायचे तर कुठला आकडा लागतो, हे शाळेला पक्के ठाऊक असते. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत बोगस पट उघड झाला, तो उगाच नव्हे. म्हणून आधी ‘आरडीडेन्सिटी’ हे जोडीचे पॅकेज चालवा. ६१ वर शाळांचा ढीग आणि ५९-६० ला खड्डा दिसला, तर पुढच्या उत्तरावर विसंबू नका. संचमान्यतेचा (शाळेला किती शिक्षकपदे मंजूर, हे ठरवणारा) त्या वर्षीचा जीआरही पाहा. सीमा वेगळी असू शकते.

कार्यक्षमता मोजताना मात्र ‘आरडीरोबस्ट’ हात वर करते. ‘बेंचमार्किंग’ पॅकेजमधून डीईए गुणांक (साधनांच्या मानाने शाळेचे फलित किती, हे इतर शाळांशी ताडून काढलेला आकडा) काढून तो निकाल म्हणून देता येतो, पण शिक्षकसंख्या निविष्टी (वापरलेले साधन) धरली की ६१ वर गुणांक आपोआप ढासळतो: शिक्षक दीडपट, मुलांचे गुण तेवढेच. हा धोरणाचा परिणाम म्हणून छापणारे कमी नाहीत. आधी नुसत्या गुणांतली उडी दाखवा, मग कार्यक्षमतेची. शिवाय प्रत्येक शाळेचा गुणांक इतर शाळांवरून ठरतो. ‘आरडीरोबस्ट’ची प्रमाण त्रुटी (उत्तरातली अनिश्चितता) हे धरत नाही, म्हणून ती फसवी लहान असू शकते. आणि ‘बेंचमार्किंग’मध्ये ‘आउट’ पर्याय (आहे त्या साधनांत फलित किती वाढू शकते) निवडला असेल तर १ म्हणजे सर्वोत्तम, १.४ म्हणजे वाईट. आलेख काढण्यापूर्वी गुणांक व्यस्त (१ भागिले गुणांक) करून घ्या.