कानाखालची गाठ: सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

कानाच्या पाळीखाली हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ बऱ्याचदा पॅरोटिड लाळग्रंथीतली असते. या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, निघतात. जबड्याखालच्या लाळग्रंथीत मात्र कर्करोगाचे प्रमाण बरेच जास्त असते.

सुरुवात सोनोग्राफीनेच करावी. ती स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, आणि गाठ लाळग्रंथीची की लसिकाग्रंथीची (आपल्याकडे टीबीची शंका असतेच) हे बहुधा लगेच कळते. पडद्यावर बघत सुई गाठीच्या घन भागात नेऊन एफएनएसीही (बारीक सुईने पेशींचा नमुना घेऊन तपासणे) करता येते. नुसते चाचपून टोचले तर सुई पाणी भरलेल्या भागात जाऊन नमुना वाया जाऊ शकतो. अडचण एकच, पण मोठी: जबड्याच्या हाडामागचे काही दिसत नाही.

म्हणून गाठीची खोल कडा दिसली नसेल, एफएनएसी संशयास्पद असेल, गाठ पुन्हा उद्भवली असेल किंवा चेहरा एका बाजूने लुळा पडत असेल, तर कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन, ज्याने गाठ उठून दिसते) एमआरआयच हवा. एमआरआयमध्ये टी-1, टी-2 अशी वेगवेगळ्या पद्धतींची चित्रे घेतात. टी-1 चित्रात ग्रंथीतली चरबी पांढरी आणि गाठ काळपट दिसते, त्यामुळे कडा नीट कळतात. मात्र हे चित्र चरबी न दाबता, म्हणजे तिचा पांढरेपणा यंत्राने न पुसता, घ्यावे लागते. टी-2 मध्ये लख्ख पांढरी, काळ्या वेष्टणाची गाठ बहुधा साध्या प्रकारची, प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा असते. पुसट कडांची, काळपट गाठ दिसली की कर्करोगाची शंका येते. डिफ्यूजन (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारे एमआरआय चित्र) एकट्याने फसवते: धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसणारी वॉर्थिनची साधी गाठही त्यात कर्करोगासारखी दिसते. कॉन्ट्रास्ट झपाट्याने भरून तितक्याच वेगाने ओसरतो का, हे पाहिल्यावर फरक बराच स्पष्ट होतो; तसे झाले तर गाठ बहुधा वॉर्थिनची. नेहमीची चूक म्हणजे नुसता ‘मानेचा एमआरआय’ लिहून देणे. कर्करोग चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून वर सरकू शकतो, म्हणून कवटीचा तळ चित्रात यायलाच हवा. आणि एमआरआय लागणार हे आधीच दिसत असेल तर जमल्यास तो सुईआधी करावा, कारण टोचल्यावरच्या रक्तस्रावाने चित्र गढूळ होते.

सीटी कधी? लाळेच्या खड्याची शंका असेल, जबड्याचे हाड कुरतडले गेले का ते पाहायचे असेल, किंवा पेसमेकरमुळे एमआरआय जमत नसेल तेव्हा. दातांतल्या धातूमुळे चित्रात पडणाऱ्या रेघा नेमक्या ग्रंथीवर उमटतात, हा तिचा दोष. कॉन्ट्रास्टआधी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळते ते) तपासून घ्यावे.

पेट स्कॅन (साखर जास्त वापरणाऱ्या पेशी झळकवणारी तपासणी) ‘साधी की कर्करोगाची’ हे ठरवायला करू नये. वॉर्थिनची गाठ त्यातही झळकते. कर्करोग सिद्ध झाल्यावर तो कुठवर पसरला, एवढ्यापुरताच तो कामाचा.