एक्झिमा असलेल्या बाळाला दाणे-अंडं: सहाव्या महिन्यात की वर्षानंतर?

एक्झिमा म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजण्याचा विकार. गाल लाल, खरखरीत. खाजवून खाजवून बाळ रात्री उठतं. अशा बाळाचं उष्टावण जवळ आलं की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, अंडं-दाणे उष्ण, वर्षाचं होईपर्यंत नकोत. दुसरं म्हणतं, सहा महिने भरले की द्या.

थांबण्याचा सल्ला एकेकाळी डॉक्टरही देत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सांगितलं होतं, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना 3 वर्षांपर्यंत दाणे देऊ नयेत. 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं होती. दाणे टाळलेल्यांपैकी 17.2 टक्के मुलांना पाचव्या वर्षी दाण्याची ॲलर्जी होती. नियमित खाल्लेल्यांत 3.2 टक्के.

याचं कारण त्वचेत आहे. एक्झिमात तिला बारीक भेगा असतात. घरातल्या हातांवरून, धुळीतून दाण्याचा अंश तिथून आत गेला, तर शरीर त्याला शत्रू समजू लागतं. तोच पोटातून गेला की अन्न म्हणून ओळख होते. थांबलं तर पहिली ओळख त्वचेतूनच होण्याची भीती. म्हणून अशा त्वचेवर बेसन-साय, बदाम तेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोळू नका. बिनवासाचं जाड मलम लावा.

तेव्हा आमचा कौल लवकर देण्याकडे, पण एका अटीवर. एक्झिमा तीव्र असेल किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल, तर दाण्यांआधी बालरोगतज्ज्ञांकडून ॲलर्जीची तपासणी करून घ्या.

आधी पेज, मुगाचं वरण नीट अंगी लागू द्या. मग दाणे भाजून, सालं काढून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटा. दोन छोटे चमचे वाटण कोमट पाण्यात पातळ करा. अख्खा दाणा, जाडसर कूट किंवा घट्ट गोळा नको, घशात अडकतो. सकाळी, बाळ ठणठणीत असताना चमच्याच्या टोकावर थोडं द्या, 10 मिनिटं थांबा, मग उरलेलं हळूहळू भरवा. पुढे 2 तास लक्ष ठेवा. अंडं पूर्ण उकडलेलंच हवं, आणि फक्त पिवळं देऊन भागत नाही. ॲलर्जी मुख्यतः पांढऱ्यातल्या प्रथिनांची असते.

उष्टावणाच्या खिरीत काजू-बदामाची पूड घालण्याची घाई नको. दूध, काजू, बदाम एकाच घासात गेले आणि पुरळ आलं, तर दोष कुणाचा हे कळायचं कसं? एका वेळी एकच नवा पदार्थ, मध्ये दोन-तीन दिवस.

टोमॅटो किंवा संत्र्याने फक्त ओठांभोवती लाली आली आणि लवकरच मावळली, तर ती बहुतेक वेळा रसाची चुणचुण असते. भरवण्याआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेली लावली की कमी होते. अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले किंवा वारंवार उलटी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे. श्वास घरघरला किंवा बाळ मलूल पडलं, तर थेट रुग्णालय. गोळी-सिरप देऊन वाट पाहू नका.

पदार्थ मानवला, तर सोडू नका: दाण्याचं एवढंच वाटण आठवड्यातून तीनदा, अंडं दोनदा. एकदा देऊन महिनोन्‌महिने बंद ठेवलं, तर मिळवलेली सवय मोडू शकते.