ओक ट्री रोडवरील एक वाणसामानाचे दुकान आणि ५० टक्के आयातशुल्क

न्यू जर्सीतील एडिसन आणि आयसेलिन या दोन वस्त्यांमधून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर भारतीय वाणसामानाची अनेक दुकाने आहेत. त्यांपैकी एका मोठ्या दुकानात मी गेली तीन वर्षे बहुतेक दर मंगळवारी सकाळी जातो. पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि मालकाचे म्हणणे मी सविस्तर विचारलेले नाही, म्हणून दुकानाचे नाव लिहीत नाही. मी मुंबईच्या सीमाशुल्क खात्यात अप्रेझर, म्हणजे मालाचे मूल्य आणि शुल्क ठरवणारा अधिकारी, होतो आणि शेवटची काही वर्षे न्हावा शेवा बंदरात काढून २०१९ च्या अखेरीस निवृत्त झालो. २०२२ मध्ये मुलाकडे कायमचे राहायला आलो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर शुल्क लावले त्याला उतारवयात तेच शुल्क दुकानाच्या गल्ल्यावर भरावे लागावे, यातली गंमत माझ्या पत्नीला माझ्यापेक्षा अधिक कळते. तिच्या मते या वर्षी, २०२५ मध्ये, मी दुकानात सामान आणायला जात नसून तपासणीला जातो.

आधी दुकानाविषयी. फळभाज्यांचा विभाग दारातून शिरल्याबरोबर उजवीकडे आहे आणि मंगळवारी तो उत्तम असतो, कारण आदल्या रात्री माल आलेला असतो. मेथीच्या जुड्या ओल्या पण न कुजलेल्या, कढीपत्ता काळा न पडलेला, भेंडी कोवळी. ही भेंडी बहुतेक वेळा मेक्सिकोची किंवा होंडुरासची असते आणि देठ मोडून पाहायला कोणी हरकत घेत नाही. डाळी, पोहे आणि पिठे मागच्या तीन रांगांत आहेत. मराठी माणसाला लागणारे जाडे पोहे, ज्वारीचे पीठ, गोडा मसाला आणि मेतकूट मिळते, मात्र मेतकूट कोठे ठेवले आहे हे तेथील नोकरवर्गापैकी एकालाही ठाऊक नाही. ते लोणच्यांच्या खालच्या फळीवर, पापडांच्या मागे असते. रविवारी येथे जाऊ नये. गाडी लावायला जागा मिळत नाही आणि गल्ल्यापुढील रांग तांदळाच्या थप्प्यांपर्यंत पोहोचते.

या वर्षी मात्र दुकानाची खरी परीक्षा भाज्यांमध्ये नव्हे, भावाच्या चिठ्ठ्यांमध्ये झाली. अमेरिकेने भारतीय मालावर एप्रिलमध्ये १० टक्के, ७ ऑगस्टपासून त्याऐवजी २५ टक्के आणि रशियाचे तेल घेतल्याबद्दल २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, म्हणजे एकूण ५० टक्के शुल्क लावले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा बासमतीच्या दहा पौंडी पिशवीखालची चिठ्ठी १५.९९ वरून १८.९९ झाली होती. नवी चिठ्ठी जुनीवरच चिकटवल्यामुळे नखाने कोपरा उचलला की जुना भाव दिसत होता. पिशवीच्या पाठीवर पॅकिंगचा महिना होता मे २०२५. मे महिन्यात पिशवीत भरलेला आणि ऑगस्टच्या आधीच या दुकानाच्या मागील खोलीत पोहोचलेला तांदूळ ५० टक्के शुल्क भरून आलेला असणे शक्य नव्हते. इतकेच काय, २७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी येथे उतरवून घेतलेला माल त्या वाढीव २५ टक्क्यांतून वगळलेला होता. मी व्यवस्थापकाला तसे सांगितले. तो सज्जन गृहस्थ आहे, मूळचा आणंदकडचा, मला नेहमी काका म्हणतो. त्याने माझे म्हणणे नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, ये बिकेगा तो अगला माल किस भाव में लाऊँगा?"

या उत्तरात तथ्य आहे हे मी त्याच्यासमोर मान्य केले नाही, घरी येताना बसमध्ये केले. पुढचा कंटेनर सोडवताना शुल्क रोख भरावे लागते. ते भरतो आयातदार, निर्यातदार देश नव्हे. हे साधे सत्य या वर्षभरात टीव्हीवर इतक्या वेळा उलटे सांगितले गेले की आमच्या शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यालाही ते भारत सरकार भरते असे वाटू लागले होते. जुना माल जुन्या भावाने विकून संपवला तर नव्या मालासाठी भांडवल कमी पडणार, ही वाण्याची अडचण खरी आहे. तरीही पिशवीवर जुना महिना असताना "टॅरिफमुळे वाढ" असा कागद लावण्याऐवजी "पुढील माल महाग येणार असल्याने वाढ" असे लिहिले असते तर गिऱ्हाइकाची फसवणूक झाली नसती.

वाढीच्या आकड्याबाबत मात्र मी दुकानाला पूर्ण गुण देतो, आणि याचे कारण जरा उलगडून सांगितले पाहिजे. ५० टक्के शुल्क म्हणजे दुकानातील भाव दीडपट, असा समज सर्वत्र आहे आणि काही दुकानदारांनी त्याचा यथास्थित फायदा घेतला. प्रत्यक्षात शुल्क लागते ते आयातीच्या मूल्यावर. आपल्याकडे त्या मूल्यात समुद्रभाडे आणि विमा धरतात; अमेरिकेत ते दोन्ही वगळून, माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीवरच आकारणी होते. समजा, त्या पिशवीची मूळ किंमत ५ डॉलर असेल, तर शुल्क अडीच डॉलर. बाकीचे दहा-अकरा डॉलर म्हणजे जहाज, गोदाम, घाऊक व्यापारी, ट्रक, दुकानाचे भाडे, पगार आणि नफा, आणि त्यांवर कोणतेही नवे शुल्क लागलेले नाही. दुकानाने वाढवले ३ डॉलर. वरचे पन्नास सेंट गुंतलेल्या भांडवलाचे व्याज समजून मी सोडून देतो. त्याच रस्त्यावरील दुसऱ्या एका दुकानात तीच पिशवी २२.९९ ला होती. तेथे मी पुन्हा गेलेलो नाही.

माझी खरी तक्रार आहे ती कणकेची. आम्ही घेतो ती वीस पौंडी कणीक कॅनडात दळलेली असते आणि तसे पिशवीच्या मागे ठळक छापलेले असते. उत्तर अमेरिकेतील तीन देशांच्या करारात बसणाऱ्या कॅनडाच्या मालाला यंदाच्या वाढीव शुल्कातून सूट होती, आणि कॅनडाच्या गव्हाची कॅनडात दळलेली कणीक त्यात बसते. असे असताना ऑक्टोबरमध्ये तिचा भाव दीड डॉलरने वाढला. विचारल्यावर गल्ल्यावरील मुलाने मान वर न करता सांगितले, "अंकल, टॅरिफ है." मी पिशवी उलटी करून त्याच्यापुढे ठेवली. त्याने व्यवस्थापकाला हाक मारली, व्यवस्थापकाने घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला, माझ्या मागे रांगेत सहा माणसे उभी राहिली आणि पत्नी चालत दारापर्यंत पोहोचली. मला त्या दिवशी जुन्या भावाने कणीक मिळाली, पण चिठ्ठी बदलली नाही. पुढच्या मंगळवारी भाव तोच वाढीव होता. दोन आठवड्यांनी तो एक डॉलरने उतरला. त्याचे श्रेय मी घेत नाही, पण पत्नीपुढे घेतले.

दाराजवळ खिडकीखाली दुकानाने एक लांब बाक ठेवला आहे, आणि या परीक्षणात त्याला वेगळे गुण दिले पाहिजेत. मुले कामावर गेल्यानंतर आमच्यासारख्या निवृत्तांना येथे जायला जागा फार थोड्या. गाडी न चालवणाऱ्याला तर त्याहून कमी. पंचाहत्तरी ओलांडलेले तीन-चार जण, दीड डॉलरचा चहा घेऊन, कोणी उठवत नाही अशा ठिकाणी तासभर बसू शकतात, ही सेवा कोणत्याही जाहिरातीत नसते. बाकावरील चर्चा गेल्या वर्षापर्यंत गुडघे, मेडिकेअर (येथील ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) आणि हयातीचा दाखला यांवर असे. येथे पुरेशी वर्षे काम न केलेल्या ग्रीनकार्डधारकाला पैसे भरूनही मेडिकेअर घ्यायचे तर पाच वर्षे सलग राहावे लागते, त्यामुळे मला २०२७ पर्यंत थांबायचे आहे आणि तोवर खोकला आला तरी मी आधी आल्याचा काढा घेतो. यंदा मात्र सगळे व्यापारतज्ज्ञ झाले. आंध्रातील भीमावरमकडचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्या भावकीत कोळंबीची तळी आहेत आणि गोठवलेल्या कोळंबीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका असल्यामुळे त्यांना घरून येणारे फोन फार वाईट होते. दुसरे एक गृहस्थ रोज ठणकावतात की भारताने तेलाच्या बाबतीत तसूभरही वाकू नये. त्यांचे स्वतःचे पेन्शन अमेरिकी कंपनीचे आहे आणि डॉलरमध्ये येते.

माझे मत तेथे कोणालाच आवडत नाही. हे शुल्क अन्यायाचे होते, विशेषतः रशियाचे तेल आमच्याहून जास्त घेणाऱ्या चीनला त्या कारणाने असा दंड लागला नाही, हे मला मान्य आहे. पण आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. न्हावा शेव्याला वॉशिंग्टनच्या सफरचंदांचे कंटेनर मी ५० टक्के शुल्काने सोडले आहेत. जून २०१९ मध्ये अमेरिकेने आपली जीएसपीची सवलत (विकसनशील देशांच्या मालाला शुल्कमाफी) काढून घेतल्यावर आपण सफरचंदांवर आणखी २० टक्के चढवले, बदाम आणि अक्रोडही त्या यादीत होते, आणि ते जादा शुल्क सप्टेंबर २०२३ मध्ये जाऊन उतरले. त्या चार वर्षांत आमच्या पार्ल्याच्या फळवाल्याने गिऱ्हाइकाला काय सांगितले असेल, याची कल्पना मला आता या बाकावर बसून येते. हे बोललो की प्राध्यापक गप्प होतात आणि दुसरे गृहस्थ चहा संपवून उठतात.

दिवाळीचा फराळ हा या दुकानाचा सर्वांत दुबळा भाग. एरवी आम्हाला त्याची गरज पडत नाही. डोंबिवलीची बहीण भाजणी आणि चिवडा पोस्टाने पाठवते. यंदा अमेरिकेने लहान पार्सलांची करमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली, शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे हे ठरलेले नव्हते, आणि भारतीय डाकेने ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेची पार्सले घेणेच थांबवले. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होते २१ ला. तेव्हा दुकानातील फराळ आणला. चकलीच्या डब्यावर देवनागरीत "भाजणीची चकली" लिहिलेले होते, पण आत तांदळाच्या पिठाचा मुरुक्कू होता, फिकट, ठिसूळ आणि जिरे घातलेला. करंजीतील सारण हलवले की खुळखुळत होते. शंकरपाळे बरे होते. गरम पदार्थांच्या खिडकीतील बटाटेवडा मात्र खरोखर चांगला आहे, लसणीची कोरडी चटणी मागून घ्यावी लागते. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, गोठवलेला घरी नेऊन तळला तर लागत नाही; करखात्याचा हा फरक मला व्यवसायामुळे फार आवडतो, तरी मी गरमच घेतो.

आता राहिला चहा. नोव्हेंबरच्या मध्यावर अमेरिकेने चहा, कॉफी, मसाल्याचे पदार्थ आणि उष्ण कटिबंधातील फळे या वाढीव शुल्कांतून वगळली, कारण येथील गिऱ्हाईक भाववाढीने चिडले होते. बासमती तसाच ५० टक्क्यांत राहिला. आसामचा चहा दोन पौंडांना सप्टेंबरमध्ये ९.९९ वरून ११.९९ झाला होता. शुल्क लागण्याआधीचा माल ज्या तर्काने महाग झाला, त्याच तर्काने शुल्क उठल्याबरोबर पुढचा माल स्वस्त येणार म्हणून आजचा भाव उतरायला हवा. मी हे व्यवस्थापकाला ऐकवले. तो हसला आणि म्हणाला, "काका, ये तो महँगा लाया हुआ माल है." हळद आणि जिरे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाली आले, पूर्ण नाही पण बरेचसे. त्याच आठवड्यात डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला, त्यामुळे रुपयांत येणाऱ्या माझ्या निवृत्तिवेतनाच्या हिशोबाने हळद जवळजवळ तेथेच राहिली, पण तो दोष दुकानाचा नाही.

भाज्या, स्वच्छता, बाक आणि बासमतीचा प्रामाणिक हिशोब यांसाठी मी या दुकानाला पाचपैकी चार तारे दिले असते. कणकेसाठी अर्धा कापला आहे. आणखी अर्धा चहासाठी राखून ठेवला आहे: १६ डिसेंबर २०२५ च्या मंगळवारी मी डब्याखालच्या चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलून पाहिला. वर ११.९९ आहे आणि खाली अजून ९.९९ शाबूत आहे, म्हणजे नुसती वरची सोलून काढली तरी काम होईल.