द घोस्ट अँड मिसेस म्यूर: काही महिने सोबत राहिल्यावर

भुताच्या प्रेमात पडलेल्या बाईची कादंबरी कुणाला सुचवायची म्हणजे आधी समोरच्याचं मिश्कील हसू झेलावं लागतं. गेले काही महिने मी ते झेलतेय आणि तरीही जो भेटेल त्याला ‘द घोस्ट अँड मिसेस म्यूर’ वाचायला सांगतेय. दरम्यान माझं पहिलं वाचन झालं, मग सलग दुसरं झालं, आणि आता तर मधूनच कुठलंही पान उघडून वाचायची सवय लागलीय. नव्याची नवलाई ओसरल्यावर पुस्तकात काय उरतं, ते एवढ्या काळात कळतंच. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितेय.

कादंबरी 1945 सालची. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव आर. ए. डिक असं असलं, तरी हे जोसेफिन लेस्ली या आयरिश लेखिकेचं टोपणनाव. जेमतेम दोनशे पानांच्या आसपासचा ऐवज. विन्टेज या प्रकाशनसंस्थेने 2014 मध्ये तिची नवी आवृत्ती काढली, त्यामुळे ती मिळवायला फार शोधाशोध करावी लागत नाही.

गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली. ल्युसी म्यूर ही तरुण विधवा, पदरात दोन मुलं. स्वभावाने मऊ, चणीने लहानखुरी, त्यामुळे सगळे तिला ‘लिटल मिसेस म्यूर’ म्हणतात. पहिल्याच परिच्छेदात लेखिका हे सांगते आणि ही बाई आजवर कशी जगली असेल ते आपल्याला तिथेच कळून चुकतं. सासरच्यांच्या ओंजळीने पाणी पिऊन ती कंटाळलीय. शेवटी ती मनाचा हिय्या करते आणि समुद्रकाठच्या व्हाइटक्लिफ गावात ‘गल कॉटेज’ नावाचं घर भाड्याने घेते. भाडं कमी, कारण घर झपाटलेलं. तिथे कॅप्टन डॅनियल ग्रेगच्या भुताचा मुक्काम आहे. गॅसने त्याचा मृत्यू झाला आणि लोकांनी आत्महत्या म्हणून शिक्का मारला. प्रत्यक्षात झोपेत लाथ लागून हीटरचा गॅस सुटला होता. दर्यावर्दी माणसाला असलं गचाळ मरण आलं, वर नावालाही बट्टा लागला, याचा त्याला मनस्वी संताप आहे. हे भूत घाबरवतं कमी आणि कुरकुरतं जास्त.

आता मला ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक सुचवावंसं वाटतं, ती. कादंबरीत कॅप्टन दिसत नाही. भिंतीवर त्याचं चित्र आहे, पण तो स्वतः म्हणजे केवळ आवाज. स्पर्श नाही, चेहरा नाही, चोरून बघणं नाही. या प्रकारच्या कादंबऱ्यांमध्ये प्रेम दाखवायची जी नेहमीची हत्यारं असतात, ती सगळी लेखिकेने आधीच काढून ठेवली आहेत. उरतं फक्त बोलणं. त्यामुळे प्रेम जे काही व्हायचं ते संवादांतूनच होतं, आणि संवाद बहुतेक भांडणाचे. खोली कुणाची, मुलांना काय शिकवायचं, घराचा खर्च कसा भागवायचा. तो तिला ल्युसी न म्हणता लुसिया म्हणतो, आणि ‘लिटल मिसेस म्यूर’ ऐकून ऐकून वाचकाचेही कान किटलेले असल्यामुळे त्या एका हाकेने तिची उंची बोटभर वाढल्यासारखी वाटते. दुसऱ्या वाचनात मी मुद्दाम फक्त त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं. सुरुवातीला तो हुकूम सोडतो आणि ती दचकते. पुढेपुढे ती त्याचं वाक्य मधेच तोडते. ‘मी तुझ्या प्रेमात पडलोय’ छापाची कबुली न देता दोन माणसं एकमेकांच्या किती जवळ आली, हे असं दाखवणं महाकठीण काम आहे.

दोघांमधल्या ताकदीचा हिशोबही मला आवडला. व्हॅम्पायरच्या प्रेमकथांत बहुधा तो सर्वशक्तिमान असतो आणि ती त्याच्या दयेवर. इथे भाडं ती भरते. तो तिच्या घरातला फुकट राहणारा, तोंडाळ पाहुणा. नंतर पैशाची अडचण येते तेव्हा तो आपल्या समुद्रावरच्या आठवणी सांगतो, ती लिहून काढते, आणि त्या पुस्तकाच्या पैशांवर घर टिकतं. प्रेमकथेत नायक-नायिकेने एकत्र बसून पोटापाण्याचं काम केलेलं फारसं वाचायला मिळत नाही. माझ्या मते या दोघांचं खरं मीलन म्हणजे ते पुस्तक.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. माइल्स नावाचा गोडबोल्या माणूस ल्युसीच्या आयुष्यात येतो, तो भाग मला दर वेळी घाईने उरकावासा वाटतो. माणूस पोकळ आहे हे वाचकाला पहिल्या भेटीतच दिसतं, ल्युसीला मात्र फार उशिरा. मुलांपैकी अ‍ॅना जिवंत वाटते, पण सिरिल म्हणजे उपदेश चिकटवलेलं लाकूड. शेवटच्या भागात वर्षंच्या वर्षं भराभर सरकतात, कॅप्टनचा आवाज मधूनमधून गायब होतो, आणि त्याच्याविना पानं खरंच सुनी पडतात. कॅप्टनचा ‘बायकांना काय कळतं’ हा सूर काही वेळा डोक्यात जातो. काळ तसा होता म्हणून मी सोडून देते, पण प्रत्येकीने सोडून द्यावं असा आग्रह नाही. भाषा जुन्या वळणाची असली तरी जड नाही. दर्यावर्दी शब्दांपाशी थोडं अडायला होतं, तेवढंच.

कुणाला सुचवू नये हेही अनुभवाने ठरलंय. अंगावर काटा यावा म्हणून भूतकथा वाचणाऱ्यांना इथे हाती काहीच लागणार नाही. प्रणयाची धग हवी असलेल्यांनाही नाही. माझ्या एका मैत्रिणीने शंभर पानांनंतर निरोप पाठवला, “अगं, हे दोघं नुसते वाद घालतायत!” तिला मी पुढचं वाचायचा आग्रह केला नाही, कारण पुढेही ते वादच घालतात. उलट दुसरी एक, जी भुताखेतांच्या गोष्टींना नाक मुरडते, तिने पुस्तक परत करायचं नाव काढलेलं नाही.

1947 साली जोसेफ मॅन्किविझने यावर चित्रपट केला. जीन टिअर्नी आणि रेक्स हॅरिसन. चित्रपटात कॅप्टन चक्क दिसतो, आणि हॅरिसनसारखा नट दिसणार म्हटल्यावर तक्रार तरी कशी करायची! सिरिलला पूर्ण वगळलंय, जे शहाणपणाचं झालं. छोटी अ‍ॅना म्हणजे बालवयातली नॅटली वुड. अंगणातलं ‘मंकी पझल’चं काटेरी झाड ल्युसी तोडून टाकते आणि ते आपण स्वतःच्या हाताने लावलं होतं म्हणून कॅप्टन तिच्यावर खवळतो, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. बर्नार्ड हरमनचं संगीत तर वेगळं काढूनही ऐकावं. पण एकदा हॅरिसनचा चेहरा पाहिला की पुस्तकातला बिनचेहऱ्याचा आवाज परत मिळत नाही. त्यामुळे आधी पुस्तक, मग चित्रपट, हा क्रम शक्यतो मोडू नका. 1968 ते 1970 मध्ये टीव्ही मालिकाही आली, पण तिने गोष्ट उचलून अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि थेट त्या काळात नेऊन ठेवली. हलकीफुलकी विनोदी मालिका म्हणून ठीक, कादंबरीची आस घेऊन तिकडे जाऊ नका.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की तो पहिल्या वाचनात बऱ्याच जणांना आधीच ओळखता येतो, आणि ओळखता आला म्हणून त्याचं काही बिघडत नाही. एका बैठकीत संपवायची घाई मात्र करू नका. रोज एखादं प्रकरण, शक्य असेल तर संवाद मोठ्याने वाचून. कॅप्टनचा आवाज ज्याचा त्याने ठरवायचा. माझ्या डोक्यातला जरा घोगरा आहे आणि सकाळी सकाळी फारच चिडका असतो.