हेलो मास्टर चीफ कलेक्शन: घरात दोन कंट्रोलर असतील तर डोळे मिटून विकत घ्या

इंदूरचं सुदामा नगर असो की रामबाग, एक्सबॉक्स असलेल्या घरात हेलोचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, इतका जुना गेम आता कोण खेळतो? दुसरा म्हणतो, एका सोफ्यावर शेजारी बसून दोघांना अख्खी कथा खेळता येईल असा साय-फाय शूटर आता काढतो तरी कोण? आमचं मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतं. सुट्टीत आते-मामे भावंडं जमणार असतील, टीव्ही बऱ्यापैकी मोठा असेल, तर या किमतीत यापेक्षा जास्त तास देणारा गेम नाही. फक्त ऑनलाइन सामन्यांसाठी घेणार असाल तर जरा थांबा, त्याची कारणं पुढे येतीलच.

आत काय काय आहे ते आधी. २०१४ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स वनवर हे कलेक्शन आलं तेव्हा त्यात चार गेम होते: कॉम्बॅट इव्हॉल्व्ड (२००१), हेलो २ (२००४), हेलो ३ (२००७) आणि हेलो ४ (२०१२). पुढच्या वर्षी ओडीएसटी हा पाचवा गेम आला, २०१९ च्या डिसेंबरात रीच हा सहावा. पहिल्या दोन गेमची चित्रं नव्याने केलेली आहेत आणि एकट्याने खेळताना एक बटण दाबून जुनं-नवं रूप जागच्या जागी बदलता येतं. २०१४ साली ऑनलाइन सामने जुळवणारी यंत्रणा कोलमडली होती आणि त्या काळातल्या शिव्या आजही इंटरनेटवर वाचायला मिळतात. त्या वाचून निर्णय घेऊ नका. २०२० पर्यंत बहुतेक गोष्टी दुरुस्त झाल्या आणि सिरीज एक्स व सिरीज एस या दोन्ही कन्सोलवर तो सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत चालतो. अर्थात टीव्हीला १२० हर्ट्झ झेपलं पाहिजे, नाहीतर ६० वर खेळा, काही बिघडत नाही.

जुनी डिस्क स्वस्तात मिळाली तर दोन गोष्टी तपासा. सिरीज एसमध्ये डिस्क घालायला जागाच नाही. आणि २०१४ च्या डिस्कवर ओडीएसटी आणि रीच नाहीत, ते वेगळे घ्यावे लागू शकतात. म्हणून पैसे मोजण्याआधी स्टोअरच्या पानावर डिजिटल आवृत्तीचा भाव आणि त्यात काय काय येतं ते पाहून घ्या. डिस्क आहे म्हणून डाउनलोड टळेल असंही नाही, पहिल्या दिवसाचं अपडेटच २० जीबीच्या घरातलं होतं. सगळं मिळून १०० जीबीच्या वर जागा लागते आणि सिरीज एसच्या ५१२ जीबीतली हाताशी राहते साधारण ३६४. त्यामुळे सगळं एकदम उतरवू नका. गेमवर जाऊन मेनू बटण, मग ‘मॅनेज गेम अँड अ‍ॅड-ऑन्स’, आणि जे आत्ता खेळायचं नाही त्याची खूण काढून टाका. एकेक गेम संपला की तो काढून पुढचा घ्यायचा. सिरीज कन्सोलसाठी सुधारलेली आवृत्ती साध्या यूएसबी हार्ड डिस्कवरून चालत नाही. तिथे ती फक्त साठवून ठेवता येते.

दुसरा कंट्रोलर बहुतेक जण जेल रोडच्या डॉलर मार्केटात किंवा सिल्वर मॉलमध्ये वापरलेला शोधतात. हरकत नाही, पण दुकानातच जोडून पाहा: दोन्ही अंगठे काठ्यांवरून उचला आणि नजर आपोआप एका बाजूला सरकते का ते बघा. थोडी सरकत असेल तर सेटिंगमध्ये डेडझोन (काठी किती हलली की गेमने दखल घ्यायची ती मर्यादा) वाढवून भागतं. जास्त सरकत असेल तर घेऊ नका, कारण डेडझोन फार वाढवला की बारीक नेम लागत नाही आणि हेलोत डोक्याचा नेम हाच सगळा खेळ आहे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन डबल-ए सेल लागतात. रिचार्जेबल सेलची चौकडी आणि चार्जर एकदाच घ्या.

दुसऱ्या खेळाडूला पाहुणा म्हणून बसवता येतं, पण नका बसवू. त्याच्या नावाचं फुकट मायक्रोसॉफ्ट खातं काढा. पाहुण्याची प्रगती टिकत नाही आणि बटणांची मांडणी, काठीचा वेग, उलट-सुलट नजर या सगळ्या सेटिंग्ज खात्यागणिक राहतात. दोघांपैकी एकाला नजर वर न्यायला काठी खाली ओढायची सवय असेल तर हे फार उपयोगाचं आहे. घरातल्या घरात पडदा वाटून खेळायला वर्गणी लागत नाही. मांडणीत ‘बंपर जंपर’ निवडून पाहा: उडी डाव्या बंपरवर येते, त्यामुळे उडी मारताना उजवा अंगठा नेमावरून उचलावा लागत नाही. नव्या माणसाला दोन दिवस अवघड जातं, मग दुसरी मांडणी नको होते.

पडदा बहुतेक वेळा आडवा वाटला जातो, वरचा अर्धा एकाला आणि खालचा दुसऱ्याला. म्हणून ३२ इंची टीव्हीवर लांबचे जॅकल जातीचे शत्रू ठिपक्याएवढे दिसतात; ४३ इंचापासून पुढे त्रास नाही. टीव्हीचा गेम मोड चालू करायला विसरू नका. तो बंद असेल तर टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो, गोळी उशिरा सुटल्यासारखी वाटते आणि दोष गेमला लागतो. संवाद इंग्रजीतच आहेत, हिंदी डबिंग नाही. पंखा-कूलरच्या आवाजात सबटायटल चालू ठेवलेली बरी.

आता खेळ. वॉर्टहॉग ही उघडी जीप या कलेक्शनचा आत्मा आहे: एक चालवणार, दुसरा मागे उभा राहून मशीनगन फिरवणार. तिच्या गोळ्या संपत नाहीत. रेसिंग गेमची सवय असलेले इथे हमखास दरीत जातात, कारण ट्रिगर म्हणजे गती नव्हे. डावी काठी पुढे ढकलली की गाडी चालते आणि उजव्या काठीने जिकडे पाहाल तिकडे वळते. म्हणजे चालवणाऱ्याने शत्रूकडे न पाहता वाटेकडे पाहायचं. पहिल्या गेममधलं ‘द सायलेंट कार्टोग्राफर’ हे समुद्रकिनाऱ्यावरचं मिशन या सरावासाठी उत्तम आहे, मोकळं आणि फार कठीण नसलेलं.

लढाईचं मूळ गणित सहाही गेममध्ये जवळपास तेच. जवळ दोनच बंदुका, वर ग्रेनेड, आणि आडोशाला गेलं की भरून येणारी ढाल. (ओडीएसटीत ढाल नाही, तिथे दम भरावा लागतो.) ढाल असलेल्या एलिट जातीच्या शत्रूवर नुसती मशीनगन रिकामी करणं म्हणजे गोळ्या वाया. प्लाझ्मा पिस्तुलाचा ट्रिगर दाबून धरा, हिरवा गोळा मोठा झाला की सोडा. तो थोडा शत्रूच्या मागे वळतो आणि एका फटक्यात पूर्ण ढाल उतरवतो. लगेच दुसऱ्या बंदुकीने डोक्यात एक गोळी. दोघे खेळताना काम वाटून घ्यायचं: एकाकडे प्लाझ्मा, दुसऱ्याकडे नेमाची बंदूक, आणि मधे एकाने ओरडायचं ‘ढाल गेली भिया!’. नंतरच्या गेममध्ये भरलेला गोळा धरून ठेवला तर बॅटरी उतरते, तेव्हा शत्रू दिसल्यावरच भरा. हेलो ३ पासून हाच गोळा गाड्याही बंद पाडतो.

प्रत्येक गेमची बंदूक मात्र वेगळी वागते आणि इथेच लोक चिडतात. पहिल्या गेमचं साधं पिस्तूल, १२ गोळ्यांचं आणि दुर्बीण असलेलं, इतकं जबरदस्त आहे की हंटरच्या पाठीवरच्या नारिंगी भागात एक गोळी बसली की तो धिप्पाड प्राणी आडवा. हीच अपेक्षा घेऊन हेलो २ मध्ये गेलात तर निराशा होईल. तिथे तीन-तीन गोळ्या सोडणारी बॅटल रायफल उचला. हेलो ३ मध्ये तीच रायफल दिसते, पण गोळीला पोचायला वेळ लागतो. पळणाऱ्या शत्रूच्या थोडं पुढे नेम धरावा लागतो. रीचच्या डीएमआर या रायफलमध्ये ट्रिगर भराभर दाबला की नेमाचं वर्तुळ पसरतं, म्हणून लांबच्या शत्रूवर श्वास घेत घेत एकेक गोळी. हेलो ४ मध्ये वॉचर हा उडणारा शत्रू आधी पाडा. तो मेलेल्या नाइट जातीच्या शत्रूला उठवतो आणि ग्रेनेडही परतवतो. हे माहीत नसलं की एकाच नाइटवर सगळा दारूगोळा संपतो, आणि या भागात गोळ्यांची चणचण आहेच.

अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत: ईझी, नॉर्मल, हिरोइक, लेजंडरी. सराईत मंडळी थेट लेजंडरी लावायला सांगतात. आमचा सल्ला हिरोइकचा, आणि त्यामागे ठोस कारण आहे. पहिल्या आणि तिसऱ्या गेममध्ये जोडीदार मेला आणि दुसरा लढाईतून बाजूला सुरक्षित उभा राहिला की मेलेला तिथेच परत येतो. म्हणून तिथली युक्ती सोपी: दोघांनी एकदम पुढे घुसायचं नाही, एकाने मागे खांबाआड राहायचं. हेलो २ लेजंडरीवर ही सवलत काढून घेतो. दोघांपैकी कुणीही एक मेला की दोघेही मागच्या चेकपॉइंटला. त्यात ‘आउटस्कर्ट्स’ मिशनच्या गल्ल्यांत वर बसलेले स्नायपर जॅकल एका गोळीत मारतात. भावंडांची भांडणं लावायला एवढं पुरे. तरी हट्टच असेल तर एकानेच कोपऱ्यातून डोकावायचं, जॅकल कुठून मारतो ते ध्यानात ठेवायचं (मागे फेकले गेल्यावर ते साधारण तिथेच असतात) आणि बॅटल रायफलने डोकं टिपायचं. दुसऱ्याने पाय रोवून मागेच थांबायचं, मदतीला धावायचं नाही.

पहिल्या गेमबद्दल खरी तक्रार वेगळी आहे: खोल्या सारख्याच दिसतात. ‘असॉल्ट ऑन द कंट्रोल रूम’मध्ये पूल, दालन, पुन्हा पूल, पुन्हा तसंच दालन, आणि लढाईच्या गडबडीत मागे वळलात की आलेल्या वाटेनेच परत चालू लागता. पडलेले मुडदे पाहा. मुडदे आहेत म्हणजे तिकडून आलात, रिकामं आहे तिकडे जायचंय. ‘द लायब्ररी’ तर बहुतेकांना नकोशी वाटते, आणि त्यांचं चूक नाही: फ्लड या परजीवी शत्रूंचे लोंढे, अंधार आणि मजल्यावर मजले. तिथे शॉटगन कधीही टाकू नका, आणि फ्लडवर स्नायपर रायफल कुठेच वापरू नका. तिच्या गोळ्या फ्लडच्या अंगातून आरपार जातात आणि त्यांना फारसं काही होत नाही. नवं रूप इथे जास्त उजेडाचं आहे, म्हणून सोयीचं. इतर ठिकाणी मात्र नव्या रूपाचा एक दोष जाणवतो: खडक-भिंती नव्या काढल्या, पण गोळी कुठे अडायची ते जुन्या आकारावरच ठरतं. समोर मोकळं दिसत असूनही गोळी हवेत आपटते. नेम बरोबर असून असं झालं तर अर्धं पाऊल बाजूला सरका.

हेलो २ च्या नव्या चित्रफिती ब्लर स्टुडिओने केलेल्या आहेत आणि त्या बघायला घरातली न खेळणारी माणसंही थांबतात. हेलो ३ मधलं ‘द कोव्हेनंट’ हे सगळ्या कलेक्शनमधलं दोघांसाठीचं सर्वोत्तम मिशन. दोन स्कॅरॅब, म्हणजे शत्रूची पायांवर चालणारी अवाढव्य यंत्रं, एकदम अंगावर येतात, तेव्हा एकाने हवेतून आणि एकाने जमिनीवरून जावं. त्याच गेमचं ‘कॉर्टाना’ मिशन उरकून टाका. ओडीएसटी रात्रीच्या रिकाम्या शहरात एकट्याने खेळायचा आहे, जोडीने त्याची मजा पातळ होते. नवख्या जोडीने सुरुवात हेलो ३ पासून करावी, क्रमाचा हट्ट धरू नये.

लाइट जाते तिथे एक धोका लक्षात ठेवा. मिशनच्या मध्यात ‘सेव्ह अँड क्विट’ न करता कन्सोल बंद पडला तर चेकपॉइंटचा भरवसा नाही, मिशन पहिल्यापासून खेळावं लागू शकतं. साधा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर जोडायला जो क्षण घेतो तेवढ्यात कन्सोल बंद होऊ शकतो; संगणकाचा छोटा यूपीएस कन्सोल आणि टीव्ही दोन्हींना लावला की प्रश्न मिटतो. मे महिन्यात कन्सोल शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका, मागे आणि वर हवेला जागा हवी.

ऑनलाइनचं थोडक्यात. हा विकत घ्यायचा गेम असल्याने ऑनलाइन सामन्यांना एक्सबॉक्सची सशुल्क वर्गणी लागते, आणि भारतातून सामना जुळायला थांबावं लागतं. मॅच कंपोजरमध्ये (सामने निवडायच्या यादीत) एकाच गेमवर खूण केलीत तर जास्तच. जमतील तितके गेम आणि दोन-तीन प्रकार निवडा, पीसीवाल्यांबरोबरचा क्रॉसप्ले चालू ठेवा, वायफायऐवजी केबल लावा. तरीही समुद्रापारचा सर्व्हर मिळाला तर समोरासमोरच्या झटापटीत हार ठरलेली.

हेलो इन्फिनिट (२०२१) घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगायचं की त्याचे ऑनलाइन सामने फुकट आहेत आणि त्यांना वर्गणीही लागत नाही, तेव्हा ते खुशाल खेळा. पण त्याच्या कथेचा पडदा वाटून खेळण्याचा पर्याय २०२२ मध्ये रद्द झाला. हेलो ५ मध्ये तर तो नव्हताच. २०२६ साठी पहिल्या गेमच्या कथेची नवी बांधणी ‘कॅम्पेन इव्हॉल्व्ड’ जाहीर झाली आहे, त्यात दोघांचा वाटलेला पडदा आणि तीन नवी मिशनं आहेत, आणि ती प्लेस्टेशन ५ वरही आहे. ज्यांच्या घरी प्लेस्टेशन आहे त्यांनी तिकडे नजर ठेवावी. एक्सबॉक्सवाल्यांनी थांबायची गरज नाही, कारण तिच्यात सहापैकी एकाच गेमची कथा असणार आहे आणि आपसातले सामने अजिबात नाहीत.