संरक्षण खात्याच्या हिशेबावर तिऱ्हाइताची नजर : कॅगच्या अहवालांविषयी एका वाचकाचा अभिप्राय

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपण ज्यांना ‘कॅग’ म्हणतो, ते सैन्यदलांच्या खर्चाची तपासणी करून जे अहवाल संसदेपुढे ठेवतात, त्यांचा मी गेली काही वर्षे नियमित वाचक आहे. ही सेवा आपल्या सर्वांच्या पैशांतून चालते, म्हणून तिच्याविषयी ग्राहकाच्या भूमिकेतून लिहिणे मला गैर वाटत नाही. माझे मत आधीच सांगतो : दोष शोधण्याचे काम उत्तम, पाठपुरावा क्वचितच पण झाला तेव्हा फार मोलाचा, आणि अहवाल नागरिकाच्या हाती पोहोचवण्याचे काम मात्र असमाधानकारक.

पुण्यात गोळीबार मैदानाजवळचे ‘डिफेन्स अकाउंट्स’चे कार्यालय अनेकांना ठाऊक असते. लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचे हिशेब तेथून चालतात. पण ते खाते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. त्याची तपासणी ही अंतर्गत तपासणी असते आणि ती घरातच राहते. कॅगचे तसे नाही. राज्यघटनेच्या कलम 148 नुसार त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून दूर करता येते, एरवी नाही. निवृत्तीनंतर केंद्र वा राज्य सरकारात दुसरे पद घेण्याची त्यांना मनाई आहे. आणि कलम 151 मुळे त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत मांडावाच लागतो. आक्षेपाचा मसुदा आधी संबंधित सचिवांकडे जातो, उत्तरासाठी सहा आठवडे मिळतात आणि मंत्रालयाचे म्हणणे अहवालात नोंदवले जाते. दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात वाचायला मिळतात, ही या अहवालांची मला सर्वात आवडणारी गोष्ट आहे.

गुणवत्ता पाहायची असेल तर दारूगोळ्यावरचे दोन अहवाल एकापाठोपाठ वाचावेत. लष्कराने 40 दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका साठा ठेवणे अपेक्षित होते. 20 दिवसांचा साठा ही किमान स्वीकारार्ह पातळी मानली होती आणि 10 दिवसांहून कमी साठा म्हणजे स्थिती गंभीर. 2015 च्या अहवालाने दाखवून दिले की मार्च 2013 मध्ये 170 पैकी 85 प्रकारचा दारूगोळा 10 दिवसही पुरला नसता. आक्षेप नोंदवून कॅगने फाईल बंद केली नाही, तर त्याच विषयाची पुन्हा तपासणी केली आणि जुलै 2017 मध्ये दुसरा अहवाल मांडला. त्यात सप्टेंबर 2016 ची स्थिती होती : 152 पैकी 61 प्रकार अजूनही 10 दिवसांच्या खाली आणि पूर्ण 40 दिवसांचा साठा अवघ्या 31 प्रकारांचा. तोफगोळे आहेत पण त्यांना लावायचे फ्यूज नाहीत, म्हणून ते वापरता येत नाहीत, ही बाबही त्यात होती. त्याच महिन्यात सरकारने लष्कराच्या उपप्रमुखांना तातडीची दारूगोळा खरेदी थेट करण्याचे अधिकार दिले. एकाच्या पोटी दुसरे घडले असे मी म्हणणार नाही, परंतु प्रश्न जिवंत ठेवण्यात या फेरतपासणीचा वाटा होता, यात मला शंका नाही. ज्या विदर्भात पुलगावचा मोठा दारूगोळा डेपो आहे आणि भद्रावती, भंडारा येथे आयुध निर्माणी आहेत, तेथील वाचकाला तरी हे आकडे परके वाटू नयेत.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती माझ्या स्वतःच्या ग्रहाविरुद्ध जाते. 2013 मध्ये शशिकांत शर्मा संरक्षण सचिव पदावरून थेट कॅग झाले, तेव्हा ज्या खात्याचे निर्णय त्यांनी घेतले त्याच खात्याची तपासणी ते कशी करणार, हा आक्षेप घेतला गेला आणि तो मला आजही योग्य वाटतो. तरीही वरचे दोन्ही अहवाल त्यांच्याच कार्यकाळातले आहेत. खालच्या पायरीवरील लेखापरीक्षकांनी आपले काम चोख केले, असा याचा अर्थ मी घेतो. पण निवड समितीच नसलेली, सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होणारी नेमणूक ही या सेवेची उघडी बाजू आहे आणि तिची दुरुस्ती केवळ व्यक्तींच्या प्रामाणिकपणावर सोपवता येणार नाही.

दुसरा दोष विलंबाचा. सियाचीन आणि लडाखमधील जवानांचे कपडे, शिधा आणि निवारा यांवरील अहवाल फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत आला, पण त्यात तपासलेला काळ 2015-16 ते 2017-18 असा होता. बर्फातील चष्म्यांची 62 ते 98 टक्के तूट त्यात नोंदवली आहे. शिध्यातील महागड्या पदार्थाऐवजी तेवढ्याच किमतीचा दुसरा पदार्थ देण्याच्या पद्धतीने वस्तूचे प्रमाण घटले आणि उष्मांक कमाल 82 टक्क्यांपर्यंत कमी पडले, हे वाचताना मन विषण्ण होते. हिशेबाच्या वहीत किंमत बरोबर जुळते आणि उंचावरचा माणूस मात्र अर्धपोटी राहतो. ही गोष्ट शोधून काढणाऱ्या लेखापरीक्षकाविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र ती उजेडात येईपर्यंत त्या चौक्यांवरील तुकड्या केव्हाच बदलून गेलेल्या होत्या.

राफेलच्या अहवालाविषयी थोडक्यात. 13 फेब्रुवारी 2019 रोजी तो मांडला गेला. 36 विमानांचा करार आधीच्या प्रस्तावापेक्षा 2.86 टक्के स्वस्त पडला असा निष्कर्ष त्यात होता, परंतु मूळ किमती झाकलेल्या होत्या. ज्या बेरजेतील संख्याच दिसत नाहीत तिचे उत्तर वाचकाने कसे पडताळावे?

प्रसिद्धीच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. 2020 मध्ये तत्कालीन कॅग राजीव महर्षी यांनी, परदेशांतील लोकही पाहत असतात म्हणून संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर न ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतल्याचे सांगितले. साठ्याचे नेमके आकडे शत्रूला कळू नयेत ही चिंता मी खरी मानतो. पण शिध्यातील उष्मांक, बुटांची रखडलेली खरेदी, छावण्यांच्या जमिनी यांत गुप्त ठेवण्यासारखे फारसे काही नसते. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीवरचा 2011 चा अहवाल सर्वांना वाचता आला म्हणूनच मुंबईतील सामान्य माणसाला परवानग्यांची साखळी कडीकडीने समजली. गोपनीय भाग वेगळ्या पुरवणीत ठेवून उरलेला अहवाल मांडल्याच्या दिवशीच खुला करावा आणि त्याचा सारांश मराठीसह इतर भारतीय भाषांत द्यावा, एवढी माझी या कार्यालयाकडे मागणी आहे.